दमास्कस पोलादाची बोवी सुरी

दमास्कस पोलादाची बोवी सुरी म्हणजे हाताने घडवलेली, एकधारी, लांब व रुंद पात्याची सुरी असून, तिची पाठ टोकाजवळ आतल्या अंगाला कापलेली असल्यामुळे टोक अणकुचीदार होते, मूठ व पाते यांच्यामध्ये हाताच्या बचावासाठी परज असते आणि पात्याच्या दोन्ही अंगांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटलेली दिसते. सुरीचे नाव अमेरिकेतील जेम्स बोवी याच्यावरून पडले. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीत त्याने वापरलेल्या सुरीची कीर्ती पसरली, आणि १८३६ मध्ये टेक्सासमधील अलामोच्या लढाईत तो मारला गेल्यावर ती आणखी वाढली. ‘दमास्कस’ हे नाव मात्र पोलादाचे आहे, आणि त्याचा माग काढू गेल्यास तो सीरियाकडून दख्खनकडे, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या शेजारापर्यंत येतो.

या एका नावाखाली दोन भिन्न पदार्थ वावरतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिला म्हणजे मुशीत वितळवून केलेले अतिकर्बी पोलाद, ज्याला तेलुगू-कन्नड ‘उक्कू’ या शब्दावरून युरोपात ‘वूट्झ’ म्हणू लागले. दुसरा म्हणजे दोन जातींच्या पोलादाचे थर एकजीव करून केलेले आजचे ‘दमास्कस’. यांपैकी पहिल्याचा माग दख्खनकडे नेतो: केळापूर तालुक्यातील पिंपळखुटीजवळून जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबादमार्गे निर्मळला पोहोचतो, आणि निर्मळच्या पुढे, गोदावरीच्या दक्षिणेस, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. केळापूर ज्यात मोडतो तो वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपवला जाईपर्यंत पैनगंगेचे दोन्ही काठ निजामाच्याच अमलात होते. भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी याने १८२० च्या सुमारास कोनासमुद्रम येथील पोलादकाम पाहून नोंदवले; तेथे इराणी व्यापारी माल नेण्यास येत असत. इराण व पश्चिम आशियात गेलेल्या या पोलादापासून घडवलेली पाती युरोपीयांनी दमास्कसच्या नावाने ओळखली, आणि ज्या गावांनी पोलाद केले त्यांची नावे मागे पडली. हा अन्याय कोशांनी तरी दूर केला पाहिजे.

कोनासमुद्रमच्या पद्धतीत निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले दोन प्रकारचे लोखंड मिसळून, काचेसारख्या मळीसह, उष्णता सोसणाऱ्या मातीच्या बंद मुशींत भरत आणि कातडी भात्यांनी सतत वारा घालून एक अहोरात्र तापवत. मूस फोडल्यावर निघणारी गोल वडी अतिशय कठीण असल्याने तिला मातीचा लेप देऊन पुन्हा तासन्‌तास मंद तापवावे लागे. अशा पोलादात कर्बाचे प्रमाण सुमारे दीड टक्का असते. लोखंड व कर्ब यांचे अतिकठीण कण घडाईच्या वेळी ओळीने लागतात आणि त्यांचीच पात्यावर लहर दिसते, जिला फार्सीत ‘जौहर’ म्हणतात. लोहार हे पोलाद लालसर असतानाच ठोकत, कारण पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवल्यास ते घणाखाली भुगा होऊन पडते. युरोपातील अनेक कारागीर इथेच फसले. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यानेही या पोलादावर प्रयोग केले होते. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि घडाईकार आल्फ्रेड पेंड्रे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही ही लहर उमटण्यास कारणीभूत असतो.

आजच्या दमास्कस बोवी सुरीचे पाते बहुधा दुसऱ्या, म्हणजे थर एकजीव केलेल्या, जातीचे असते. अमेरिकी कारागीर विल्यम मोरन याने १९७३ मध्ये अशी पाती प्रदर्शनात मांडल्यापासून या कलेला नवा बहर आला. साध्या कर्बी पोलादाच्या (प्रकार १०९५) आणि निकेलयुक्त पोलादाच्या (प्रकार १५एन२०) पट्ट्या आलटून-पालटून रचतात, त्यांवर टाकणखार भुरभुरतात, म्हणजे तो वितळून पृष्ठभागावरील गंज-खपली धुऊन नेतो, आणि भट्टीत पिवळ्या-पांढऱ्या रंगावर आलेली चवड ऐरणीवर हलक्या, नेमक्या ठोक्यांनी एकजीव करतात. पहिला ठोका जोरात बसला तर थर सरकतात, उशिरा बसला तर जोड धरत नाही. सात पट्ट्यांची चवड पाच वेळा दुमडली की २२४ थर होतात. ती पिळली, किंवा तिच्यावर आडव्या खाचा पाडून पुन्हा चपटी केली, की नक्षी पालटते.

नक्षी ही डोळ्यांची बाब झाली. सुरीचा कस लागतो तो पाणी देण्यात. पाते चुंबकाला चिकटेनासे होऊन त्याहून किंचित अधिक तापले, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला पोहोचले, की ते तेलात बुडवतात आणि ठिसूळपणा जावा म्हणून नंतर सुमारे २०० अंशांवर मंद तापवतात. त्या वेळी घासलेल्या धारेवर वाळलेल्या गवताचा पिवळसर रंग चढतो. वखराची पास पाजवणाऱ्या गावच्या लोहाराला रंग पाहून पाणी देण्याची हीच विद्या अवगत असते, फक्त तिला कोणी कला म्हणत नाही. शेवटी पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात धरतात, तेव्हा कर्बी थर काळवंडतो आणि निकेलचा थर चकाकत राहतो.

पाहणाऱ्याने नक्षीपेक्षा धारेकडे आणि पाठीकडे निरखून पाहावे. थरांमधून केसासारखी काळी रेघ जात असेल तर जोड कच्चा आहे. आणि कानशीने घासल्यावर नक्षी नाहीशी होऊन पुन्हा ते द्रावण लावूनही उमटली नाही, तर ती केवळ पृष्ठभागावर कोरलेली आहे, असे समजावे. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी नसलेली धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गवारीत मोडतात, आणि बऱ्याच बोवी सुऱ्या या मापात बसतात.