खेळण्यातली आगगाडी आणि तिचा काळा डबा

खेळण्यातली आगगाडी अडली की घरातला बाप्या माणूस आधी इंजिन उघडून बसतो. खोड बहुधा असते शेजारच्या काळ्या डब्यात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो डबा आला कसा, ते आधी सांगतो.

जॉशुआ लायोनेल कोवेन याने १९०० साली न्यू यॉर्कमध्ये लायोनेल कंपनी काढली. तिच्या पहिल्या गाड्या बॅटरीवर धावत. जर्मनीत तर काही गाड्यांना घरचीच वीज देत. मधे एक दिवा जोडला की झाले! रूळ उघडे आणि त्यावर ओणवे झालेले पोर, कल्पनाच करवत नाही. मेर्क्लिन कारखान्याने १९२६ साली वीस व्होल्टची पद्धत आणली, तेव्हा कुठे आयांचा जीव खाली पडला असेल.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्याची वीज दुसऱ्यात जाते ती लोखंडी गाभ्यातल्या चुंबकत्वाने. त्याला वीज ए.सी.च लागते, डी.सी.वर लावला तर नुसता तापून जळायचा. आणि गंमत बघा, खुद्द न्यू यॉर्कच्या काही भागांत २००७ पर्यंत डी.सी. वीज होती!

लायोनेलचा सर्वांत नावाजलेला ट्रान्सफॉर्मर 'झेड-डब्ल्यू'. तो १९४८ ते १९६६ पर्यंत निघाला. पुढच्या नगांची ताकद २७५ वॉट. आज असा डबा हाती आला तर आधी वायर वाकवून बघा. रबराचा चुरा पडला तर ती बदलल्याशिवाय प्लग लावू नका. दांडा फिरवताना गाडी गचके खाते? आत वेटोळ्यावरून फिरणारे कोळशाचे चाक झिजलेले असते. फार झिजले की त्याची धातूची खीळ तांब्यावर घासते, ठिणग्या उडतात. शिटी वाजत नसेल तर तिला डी.सी. पुरवणारी चकती तपासा. तिच्या जागी आता डायोड लावतात.

हा माल अमेरिकेतल्या ११५ व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० वर सरळ लावलात तर जळालाच म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र जाणत्यांच्याही ध्यानात येत नाही. एकाच रुळाला दोन ट्रान्सफॉर्मर जोडले आणि एकाचा प्लग भिंतीतून उपटला, तर रुळावरची वीज त्या डब्यात उलटी शिरते आणि चढते. म्हणजे हातातल्या मोकळ्या प्लगच्या पिनांवर शंभरएक व्होल्ट! तेव्हा दोन्ही प्लग एकाच पट्टीवर लावा, आणि बंद करायचे ते पट्टीचे बटण.