ऑनलाइन मागवलेली तलवार, कुर्बानीचा सुरा आणि आर्म्स ॲक्ट : घरात, दुकानात काय चालतं, काय चालत नाही

एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या दिघी भागात एका कुरियर कंपनीच्या गोदामात एक्स-रे मशीनवर पार्सलं तपासली जात होती. त्यात ९७ तलवारी, दोन कुकरी आणि नऊ म्यानं सापडली. माल अमृतसरहून निघाला होता. काही खोकी औरंगाबादला जाणार होती, काही आपल्या नगर जिल्ह्यात. त्याच्या थोडे दिवस आधी, मार्चच्या अखेरीला, औरंगाबादमध्येही कुरियरच्या पार्सलातून ३७ तलवारी पकडल्या होत्या. महिनाअखेरीस धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ एका गाडीतून ८९ तलवारी आणि एक खंजीर निघाला. त्या चित्तोडगडहून जालन्याला चालल्या होत्या.

ही झाली मोठी प्रकरणं. पण जामखेड, खर्डा, कर्जत, आष्टी या पट्ट्यातल्या एखाद्या घरात पोलीस येतात ते शंभर तलवारींसाठी नाही. ते एका तलवारीसाठी येतात. पोराने मोबाइलवर 'शोपीस' म्हणून मागवलेली, वाढदिवसाचा केक कापायला मित्राकडून आणलेली, किंवा आजोबांच्या काळापासून खुंटीला टांगलेली. आणि बकरी ईदच्या तोंडावर तर प्रत्येक घरात सुरी, सुरा, सत्तूर असतोच. कायदा यातल्या कशाला हत्यार म्हणतो आणि कशाला नाही, ते नीट माहीत असलेलं बरं.

नऊ इंच आणि दोन इंच

देशभर लागू असलेला मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९, ज्याला आपण सगळे आर्म्स ॲक्ट म्हणतो. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडलेत. बंदुका-पिस्तुलं वरच्या वर्गांत येतात. पाचव्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, फरशी, आणि ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू व तशी हत्यारं येतात. ९ इंच म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर, २ इंच म्हणजे ५ सेंटीमीटर. मूठ धरायची नाही, फक्त पातं मोजायचं.

याच ओळीत पुढे महत्त्वाची सूट आहे : घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू यात धरायच्या नाहीत. म्हणून खाटकाचा बारा इंची सुरा, हाडं तोडायचा रुंद सत्तूर, ऊसतोडीचा कोयता, नारळ फोडायचा कोयता हे माप ओलांडत असले तरी हत्यार ठरत नाहीत. ते कामाचं साधन आहे. उलट, सहा इंचांचा दुधारी खंजीर माप भरत नाही म्हणून सुटला असं समजू नका. तलवार, खंजीर, गुप्ती यांची नावं यादीत स्वतंत्र आहेत. नऊ-दोनचा हिशोब त्यांनाही लागतो की फक्त चाकूंना, यावर वकील कोर्टात वाद घालू शकतात, पण पोलीस ठाण्यात तो वाद चालत नाही.

'धार नाही, नुसती शोभेची आहे' हे सर्वात जास्त ऐकू येणारं उत्तर. कायद्यात खेळण्याला सूट आहे, पण अशा खेळण्याला, जे खेळण्याशिवाय दुसऱ्या कामाचं नाही आणि ज्याचं खऱ्या हत्यारात रूपांतरही करता येत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची तलवार त्यात बसते. लोखंडी पात्याची बोथट तलवार अर्ध्या तासात धार लावून तयार होते. तिला खेळणं म्हणणं अवघड आहे.

४/२५ म्हणजे काय

पेपरात 'आर्म्स ॲक्ट कलम ४/२५ प्रमाणे गुन्हा दाखल' अशी बातमी आठवड्याला एक तरी असते. कलम ४ असं सांगतं की केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या भागाला हे कलम लागू केलं, तर त्या भागात सांगितलेल्या प्रकारची हत्यारं परवान्याशिवाय घेता, बाळगता किंवा नेता येणार नाहीत. कलम २५ मध्ये त्याची शिक्षा आहे, कैद आणि दंड. म्हणजे बंदुकीला परवाना सगळीकडे लागतोच, पण धारदार हत्यारांच्या बाबतीत अधिसूचना हा गाभा आहे. म्हणून अशा केसमध्ये चांगला वकील पहिला प्रश्न हाच विचारतो : अधिसूचना कोणती, ती या ठिकाणाला लागू आहे का, आणि पकडलेली वस्तू तिच्या वर्णनात बसते का?

या प्रश्नाचं वजन किती आहे ते दिल्लीच्या एका केसमध्ये दिसलं. तिथे १९८० च्या अधिसूचनेने बटनाच्या चाकूवर निर्बंध आहेत. एका माणसाकडे असा चाकू सापडला, गुन्हा दाखल झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२५ मध्ये न्यायालयाने तो खटला रद्द केला. अधिसूचना विक्रीसाठी किंवा बनवण्यासाठी चाकू बाळगण्याबद्दल बोलते, आणि त्या माणसाने तो विकायला ठेवला होता असा आरोपच नव्हता. माणूस सुटला. पण एका चाकूसाठी देशाच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत जायला किती पैसा आणि किती वर्षं लागतात, याचा हिशोब प्रत्येकाने घरी करावा.

दुसरा कायदा, जो जास्त अडकवतो

आपल्याकडे खरी अडचण येते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) मुळे. सण, निवडणूक, मोर्चे, तणाव असं काही असलं की जिल्हा दंडाधिकारी हा आदेश काढतात. साधारण पंधरवड्यापुरता असतो, मग नवा निघतो. 'अहिल्यानगर जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश लागू' अशी छोटी बातमी येते आणि आपण पान उलटतो.

या आदेशात नऊ इंच नाही, दोन इंच नाही, घरगुती-शेतीची सूट नाही. तलवार, भाला, चाकू, काठी, लाठी आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई. आर्म्स ॲक्ट विचारतो, वस्तू कशासाठी बनवली आहे. कलम ३७ विचारतं, आज, या जागी ती हातात का आहे. मोडलं तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही.

म्हणूनच बकरी ईदच्या दिवसांत कसायाच्या कामाला जाणाऱ्या आपल्या भावांनी जरा काळजी घ्यावी. सुरे उघडे नेऊ नयेत. कापडात गुंडाळून, पिशवीत किंवा पेटीत, सुरा-सत्तूर-मुसळी असा कामाचा पूर्ण संच एकत्र न्यावा. ज्या घरी कुर्बानी करायची त्यांचा नंबर फोनमध्ये असावा. धंद्याचा नगरपरिषदेचा परवाना किंवा ओळखपत्र असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी. मोटारसायकलच्या हँडलला सुरा अडकवून तिघंजण चाललेत, हे चित्र कितीही सवयीचं असलं तरी नाक्यावरच्या शिपायाला ते वेगळं दिसतं. आदेशात सूट कोणाला आहे ते आदेशातच लिहिलेलं असतं, म्हणून शांतता समितीच्या बैठकीत आपल्या जबाबदार मंडळींनी कसाई बांधवांचा मुद्दा आधीच मांडून ठेवावा. मोहर्रम, संदल, उरुसाच्या मिरवणुकीत परंपरेची हत्यारं काढायची असतील तर तेही आधी लेखी विचारूनच.

शिखांना कृपाण चालते मग आपल्याला का नाही, असं काही जण विचारतात. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचा भाग आहे असं राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. ती सूट त्यांच्या धर्मपालनासाठी आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून कोणी हौसेने तलवार आणली तर ती सूट तिच्याबरोबर जामखेडला येत नाही.

विकणाऱ्यांसाठी

आपली बरीच तरुण मुलं आता ऑनलाइन विक्रीत आहेत. किचनवेअर, बार्बेक्यूचं सामान, ईदच्या आधी सुऱ्यांचे सेट. हा धंदा कायदेशीर आहे. पण आर्म्स ॲक्टचं कलम ५ हत्यारं बनवणं, विकणं, विक्रीसाठी ठेवणं यासाठी परवाना मागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. बाळगणाऱ्यापेक्षा विकणारा कितीतरी जास्त अडचणीत येतो. त्यामुळे किचनच्या मालात एखादा 'टॅक्टिकल', 'कमांडो', 'रॅम्बो' चाकू किंवा शोभेची तलवार घुसवण्याचा मोह टाळावा. वस्तूचं वर्णन जसं लिहाल तसं ते कोर्टात वाचलं जाईल. भाजी कापायच्या सुरीला 'सेल्फ डिफेन्स' असं लिहून विकणारा स्वतःच्या हाताने तिला हत्यार ठरवतो. खरेदीची बिलं, जीएसटीची पावती, ग्राहकांची नोंद जपून ठेवावी.

मोठ्या वेबसाइट्स 'आम्ही फक्त मध्यस्थ आहोत' असं म्हणतात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये त्यांना काही संरक्षण आहेही, जोवर त्या पुरेशी दक्षता घेतात आणि कळवल्यावर माल काढून टाकतात तोवर. छोट्या विक्रेत्याला ती ढाल नाही. २०१८ मध्ये औरंगाबादच्या दंगलीनंतर पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू, गुप्त्या कुरियरच्या कार्यालयातूनच जप्त केल्या होत्या. वेबसाइटवर वस्तू दिसते म्हणून ती कायदेशीर आहे, ही समजूत तेव्हाच संपायला हवी होती.

परदेशी साइटवरून कटाना किंवा दमास्कस पोलादाचा खंजीर मागवणाऱ्यांनी कलम १० लक्षात ठेवावं. हत्यार आयात करायला वेगळा परवाना लागतो. पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि नोटीस घरी येते.

साध्या दुकानदारावरही लक्ष असतं. पुण्यात कोयता गँगचा धुमाकूळ वाढला तेव्हा २०२३ मध्ये पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं. आमच्या मते आठवडी बाजारातल्या शेतकऱ्याकडे कोयत्यासाठी आधार मागणं हे जरा जास्तच आहे. पण दुकानदाराने एक वही ठेवली तर त्यात त्याचाच बचाव आहे.

धार लावणाऱ्या कारागिरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शिकलगार हे आपल्यातलं जुनं आडनाव हत्यारांना पाणी आणि चकाकी देण्याच्या कामावरूनच आलं. सुऱ्या, कात्र्या, विळ्यांना धार लावण्यात काही गैर नाही. पण कलम ५ मध्ये हत्याराची 'दुरुस्ती' हा शब्दही आहे. कोणी तलवार धार लावायला ठेवून गेला तर ती तुमच्या दुकानात सापडेल, त्याच्या घरात नाही. सरळ नाही म्हणावं.

घरातली जुनी तलवार

जामखेड हा सरहद्दीचा मुलूख. खर्ड्याची १७९५ ची लढाई याच तालुक्यात झाली, पलीकडे निजामाचं राज्य १९४८ पर्यंत होतं. त्यामुळे इनामदार, पाटील, जुन्या शिपाईगिरीच्या घराण्यांत एखादी तलवार, कट्यार निघाली तर नवल नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे ऑनलाइन लिलावात टाकून पैसे करायचा विचार असेल तर थांबा.

मात्र 'जुनी आहे' एवढ्यावर आर्म्स ॲक्टमधून आपोआप सुटका होत नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य आणि पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, पण त्यातली भाषा बंदुकीसारखं चालू न शकणाऱ्या हत्यारांबद्दल आहे, तलवारीला ती कितपत लागू होईल हा वादाचा मुद्दा आहे. शहाणपणाचा मार्ग असा : फोटो, घराण्याची कागदपत्रं, सनद वगैरे गोळा करा, आधी वकिलाला दाखवा, आणि त्याच्या सल्ल्याने पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या किंवा परवान्यासाठी अर्ज करा. ठेवायचीच नसेल तर नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. गुपचूप विहिरीत टाकणं किंवा नातेवाइकाकडे सरकवणं हे सर्वात वाईट.

रील आणि केक

आता तरुणांबद्दल. तलवारीने केक कापल्याच्या, कोयता हातात घेऊन रील टाकल्याच्या बहुतेक केसेसमध्ये पुरावा आरोपीनेच दिलेला असतो. चेहरा, जागा, तारीख, सगळं व्हिडिओत. स्टेटस चोवीस तासांत उडतं, स्क्रीनशॉट उडत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं, पण १९ वर्षांच्या मुलाची ती केस पासपोर्टच्या पडताळणीत, पोलीस भरतीत, आखाती देशातल्या नोकरीच्या चारित्र्य दाखल्यात समोर येऊन उभी राहते. अशा दोन-तीन छोट्या नोंदी जमल्या की तडीपारीच्या प्रस्तावातही त्यांची यादी लागते.

लंडन, लेस्टरला मुलं असलेल्या घरांनीही लक्ष द्यावं : इंग्लंड-वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२४ पासून 'झॉम्बी' प्रकारचे चाकू आणि १ ऑगस्ट २०२५ पासून निंजा तलवारी नुसत्या घरात ठेवणंही गुन्हा आहे.

पोलीस घरी आले तर

वाद घालू नका, पळू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. ते होतंय का, हे अदबीने विचारा. पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी इंच किंवा सेंटीमीटरमध्ये लिहिली आहे का ते बघा, कारण पुढे सगळी केस त्या दोन आकड्यांवर फिरू शकते. वस्तू स्वयंपाकघरात सापडली, दुकानात की गादीखाली, हेही नोंदवलं गेलं पाहिजे. न वाचता सही करू नका. ज्या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात अटक आपोआप होत नाही, कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देता येते. ती मिळाली तर ठरल्या वेळी वकिलासह हजर व्हा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, तिचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं.