पिसं काढलेला बाण

मागच्या भागात आपण इंग्लिश लाँगबोची गोष्ट ऐकली. त्यावर बडोद्याच्या एका प्रेक्षकाने विचारलं, "साहेब, पिसं नसलेला बाण उडतो का?" उडतो. पण सोडणाऱ्याने काय गडबड केली तेही तो सांगून टाकतो. आजचा भाग त्यावरच.

पापुआ न्यू गिनीतले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या बिनपिसांचेच बाण वापरत आले. दाट जंगल, सावज जवळ, बाण लांबलचक. त्यांचं काही अडलं नाही. अंतर वाढलं की मात्र शेपूट लागते. मी पायदळातला माणूस, त्यामुळे मला इथे ८१ मिलिमीटर मॉर्टरचा गोळा आठवतो. त्याच्या शेपटीचे पंख जे करतात तेच बाणाची पिसं करतात. मागचा भाग डगमगला की हवा त्याला अडवते आणि पुन्हा रांगेत आणते. रॉजर अ‍ॅस्कम याने १५४५ साली आठव्या हेन्रीला अर्पण केलेल्या 'टॉक्सोफिलस' या ग्रंथात पिसांची बारीक चर्चा केली आहे. त्याची पसंती हंसजातीच्या पाळीव बदकाच्या, म्हणजे गूजच्या पिसाला.

पण पिसं चूक दुरुस्त करतात म्हणजे चूक झाकतातही. हे जपानी लोकांनी ओळखलं होतं. त्यांच्या क्युदो परंपरेत माकिवारा म्हणजे पेंढ्याचा घट्ट बांधलेला भारा असतो. त्याच्यापासून जेमतेम धनुष्याएवढ्या अंतरावर उभं राहून सराव करायचा. या सरावाच्या बाणांत बिनपिसांचेही असतात. एवढ्या जवळून नेम चुकण्याचा प्रश्नच नाही, म्हणून सगळं लक्ष शरीराकडे राहतं. बाण भाऱ्यात सरळ घुसला की तिरका, एवढं पाहायचं.

याचं शास्त्र मात्र फार उशिरा कळलं. जुन्या धनुष्यात बाण लाकडाच्या बाजूला टेकलेला असतो. दोरी ओढण्याआधी त्याचं टोक लक्ष्याच्या थोडं बाजूला रोखलेलं दिसतं, तरी सोडलेला बाण नीट लागतो. अमेरिकेत या कोड्याला 'आर्चर्स पॅरॅडॉक्स' म्हणू लागले. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने बाणाचं चित्रीकरण केलं. दोरी सुटताच बाण वाकतो, उलट बाजूला वाकतो, आणि माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. म्हणजे बाणाचा ताठपणा त्या धनुष्याच्या जोराशी जुळायलाच हवा. हा हिकमन आम्हा फौजी लोकांच्या जवळचा. १९१८ साली तो रॉबर्ट गॉडार्डबरोबर रॉकेटवर काम करत होता, आणि त्या प्रयोगांतल्या एका स्फोटात त्याने बोटांचे काही भाग गमावले. तरी धनुष्य त्याने सोडलं नाही.

पण ज्ञान आलं तरी लाकडाचे दोन बाण कधी सारखे नसत. बाण भरकटला तर दोष लाकडाचा की माणसाचा, हे कसं ठरवणार? ईस्टन यांनी १९३९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बाण बनवायला सुरुवात केली, आणि १९४१ साली लॅरी ह्यूज याने अशाच बाणांनी अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. माझ्या मते बेअर शाफ्टची, म्हणजे बिनपिसांच्या बाणाची चाचणी भरवशाची झाली ती अशा एकसारख्या नळ्या हातात आल्यामुळे.

चाचणी अशी. अठरा-वीस मीटरवरून पिसांचे तीन बाण सोडा, मग त्याच जातीचे बिनपिसांचे दोन-तीन. काढलेल्या पिसांचं वजन भरून काढायला शेपटीला चिकटपट्टी गुंडाळतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे उघडे बाण एकत्र पण डावीकडे लागले, तर बाण धनुष्याच्या मानाने ताठ. उजवीकडे लागले तर मऊ. सगळे खाली गेले तर दोरीवर बाण अडकवण्याची जागा बहुधा उंच आहे, वर गेले तर खाली.

आता यातला 'एकत्र' हा शब्द पकडा. उघडे बाण दरवेळी एकाच ठिकाणी चुकत असतील तर सामान तपासा. एक इकडे, एक तिकडे, तिसरा आडवाच, असं होत असेल तर सामानाला हात लावू नका. बोटं दोरीवरून सुटताना झटका बसतोय, किंवा धनुष्य धरलेला हात मुठीत पिळला जातोय. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. इंडियन राउंडमध्ये बांबूच्या धनुष्यावर शिकलेलं पोर रिकर्व्हकडे वळतं, गुण पडत नाहीत, आणि बाप कर्ज काढून नवे बाण घेतो. दोष बोटांत असेल तर महागातल्या महाग कार्बनचा बाणही भरकटणारच. फायरिंग रेंजवर आम्ही आधी गोळ्यांचा ग्रुप पाहायचो, मग साइट फिरवायचो. पसरलेल्या ग्रुपवर साइट फिरवणाऱ्या जवानाला उस्ताद काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

एक सूचना घरी करून पाहणाऱ्यांसाठी. लाकडी किंवा बांबूचा उघडा बाण तिरका आदळला की मोडतो, म्हणून जवळून आणि मऊ टार्गेटवरच सोडा, आणि बाजूला कुणाला उभं करू नका. पुढच्या भागात तुर्की धनुष्य आणि दोरी ओढायची अंगठ्यातली अंगठी.