ताईमहाराज आणि एक प्रोबेट

मराठी माणसाच्या कानावर प्रोबेट हा शब्द पडतो तो बहुधा मुंबईतल्या जागेच्या निमित्ताने. मृत्युपत्र खरं आहे आणि त्यात नेमलेल्या माणसाला ते अमलात आणायचा अधिकार आहे, असं कोर्टाने शिक्का मारून सांगणं म्हणजे प्रोबेट. १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टमुळे मुंबई शहरात हिंदूंना ते घ्यावंच लागे, पुण्यात नाही. ही भानगड १९२५ च्या वारसा कायद्यातही जशीच्या तशी आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढून टाकलं तेव्हा कुठे सक्ती संपली. प्रोबेट मात्र आजही मागता येतं. वाद होईलसं वाटत असेल तर वकील अजूनही तेच सुचवतात.

पण आपल्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं प्रोबेट पुण्यातलं आहे, म्हणजे जिथे सक्ती नव्हती तिथलं.

पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी कॉलऱ्याने गेले. मृत्युपत्र त्याच दिवशी झालेलं. त्यात त्यांनी विश्वस्त नेमले. दादासाहेब खापर्डे त्यांतले एक, आणि दुसरे लोकमान्य टिळक. तारखा जरा बघा. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली २७ जुलैला अटक झाली होती, ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला, आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या इस्टेटीचा भार अंगावर आला. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा. जामिनावरचा माणूस एक्झिक्युटर! आज असा सल्ला कोणता वकील देईल? पण मरणाऱ्या माणसाला कायदा सुचत नाही, भरवशाचा माणूस सुचतो.

बाबामहाराजांची पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला (टिळक तेव्हा तुरुंगात) आणि दोन महिन्यांत गेला.

पुढचं आपण सहसा टिळकचरित्रातून वाचतो, म्हणून ताईमहाराज तिथे एक अडचण म्हणूनच येतात. मला ते पटत नाही. पोरसवदा वयात नवरा गेला, मूल गेलं. इस्टेटीवर कर्ज, म्हणून विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. म्हणजे आपल्याच घरात पैसे मागायचे ते नवऱ्याच्या मित्रांकडे! विश्वस्तांचा हिशेब चोख असेलही. पण चोख हिशेबाने माणसं आपली होत नाहीत. अशा वेळी कान भरणारे भेटतातच, तसे त्यांनाही भेटले.

२८ जून १९०१ ला औरंगाबादला पंडित घराण्याच्याच एका शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुण्याला परतल्यावर ताईमहाराज फिरल्या. औरंगाबादचा दत्तक झालाच नाही म्हणाल्या आणि कोल्हापूरचे बाळामहाराज दत्तक घ्यायचं ठरवलं. आणि २९ जुलैला जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे अर्ज केला : विश्वस्तांना दिलेलं प्रोबेट रद्द करा.

इथे माझ्यासारखा बिगरवकील थबकतो. प्रोबेट म्हणजे कायमची पक्की मोहोर अशी आपली समजूत. पण सबळ कारण असेल तर ते रद्द करायची सोय १८८१ च्या कायद्यात होती आणि आजच्या कायद्यातही आहे. सक्ती नसताना घेतलेला हा कागद. त्याच्याच चौकशीत टिळकांना साक्षीला उभं राहावं लागलं. ३ एप्रिल १९०२ ला अ‍ॅस्टनसाहेबांनी प्रोबेट तर रद्द केलंच, वर टिळकांवर खोट्या साक्षीसह फौजदारी आरोपांची शिफारस केली. ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी, अपिलात सहा महिने, आणि ४ मार्च १९०४ ला हायकोर्टातून निर्दोष सुटका. (‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ याच धामधुमीत, १९०३ मध्ये छापून आलं. हे त्यांना कसं जमलं, देव जाणे.)

१९०३ मध्येच ताईमहाराज वारल्या. दिवाणी दावा चालूच राहिला. खालच्या कोर्टात टिळक जिंकले, ते मंडालेला असताना हायकोर्टाने निकाल फिरवला, आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचा दत्तक खरा ठरवला. साक्षीदाराला उलटतपासणीत समोरासमोर न विचारता त्याला खोटं ठरवू नका, हे त्या निकालातलं बोलणं आजही कोर्टात उद्धृत होतं. एका दिवसात लिहिलेल्या मृत्युपत्रापायी साडेसतरा वर्षं!

हे सगळं पुन्हा वाचायचं कारण घरचंच. आमच्या एका मावशीला तिच्या मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमायचंय. मी हो म्हटलंय. पण अट घातलीय की, वकिलाकडे जायचं ते आत्ता, ती हिंडतीफिरती असताना, आणि ज्यांना तिथे माझ्याकडे पैसे मागावे लागतील त्या सुनेलाही बरोबर घ्यायचं. मावशी म्हणाली, “अरे, तिला कशाला?” त्यावर तिला ही गोष्ट सांगायला बसलो, तर चहा थंड झाला. पुढच्या आठवड्यात तिघं जातोय.