दशावतार : एक मेटल ध्वनिमुद्रिका आणि कोकणची खेळपरंपरा

एखादी कथावस्तू एका कलाप्रकारातून दुसऱ्या कलाप्रकारात जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाइतकाच भाषाभ्यासाच्याही कक्षेत येतो. विष्णूच्या दहा अवतारांची कथा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मंदिरांच्या भिंतींवर ती शिल्परूपाने आली, जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त ती गेय झाली, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात ती दहा रंग आणि एकशेवीस पाने यांत वाटली गेली, आणि दक्षिण कोकणात ती रात्रभर चालणारा खेळ बनली. २०१७ साली मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल वाद्यवृंदाने ‘दशावतार’ याच नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. या साखळीतील हा सर्वांत अनपेक्षित दुवा होय. त्याची नोंद केवळ नावीन्य म्हणून घेणे पुरेसे नाही. कोकणातील खेळाशेजारी ठेवून पाहिले असता संगीतप्रकारांच्या मिश्रणाविषयी आणि मराठीच्या स्थानाविषयी काही प्रश्न त्यातून उभे राहतात. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम खेळाविषयी. आज दशावतारी नाटकांचा मुख्य प्रदेश सिंधुदुर्ग जिल्हा हा मानला जातो. परंतु १ मे १९८१ पर्यंत हा सर्व भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. परंपरागत समजूत अशी की, राजापूरनजीकच्या आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकात हा खेळ दक्षिणेकडून आणून कोकणात रुजविला. तथापि समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त दशावतारी खेळांचा उल्लेख आढळतो, आणि तो सतराव्या शतकातील आहे. तेव्हा काळे हे खेळाचे आद्य प्रवर्तक नसून, आधीच परिचित असलेल्या खेळाला कोकणात विशिष्ट घाट देणारे असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कर्नाटकातील यक्षगानाशी असलेले त्याचे साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. म्हणजे उगमापासूनच हा खेळ मिश्र आहे. पुढे मृदंग आणि झांज यांच्या जोडीला पायपेटी आली आणि संगीत नाटकातील पदांच्या चालीही त्यात मिसळल्या.

या खेळाची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, नाव दशावतार असले तरी दहा अवतार क्रमाने रंगभूमीवर येत नाहीत. पूर्वरंगात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती यांच्यानंतर वेद चोरणारा संकासुर येतो. विष्णू त्याचा वध करतो. आणि मग उत्तररंगात रामायण, महाभारत किंवा पुराणे यांतील एखादे आख्यान लावले जाते. दुसरे वैशिष्ट्य भाषिक आहे. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते. नाईकाने कथानक सांगितले की नट आपापले संवाद जागच्या जागी रचतात. परंतु ही रचना स्वैर नसते. देव, ऋषी आणि राजे ग्रांथिक मराठी बोलतात. संकासुर मालवणी बोलतो. ‘शंखासुर’ या मूळ शब्दातील ‘श’चा ‘स’ आणि महाप्राण ‘ख’चा अल्पप्राण ‘क’ होऊन त्याचे नावही बोलीत उतरले आहे. प्रेक्षकांच्या घरची बोली बोलणारा, भटजीची थट्टा करणारा आणि अखेरीस मारला जाणारा हा असुर खेळातील सर्वांत लाडका ठरतो. उत्तर रत्नागिरीत शिमग्यात आणि नमन-खेळ्यांत काळ्या वेषातील हाच संकासुर गावोगाव हिंडतो. भाषेचे दोन स्तर समोरासमोर उभे करून त्यांतून नाट्य निर्माण करणे, हे या परंपरेचे मर्म आहे.

२

मेटल संगीताचा इतिहास याहून पुष्कळच अलीकडचा. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरातून १९७० साली ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तेथून या प्रकाराचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. विजेच्या गिटारीचा मुद्दाम फाडलेला जड नाद, ढोलांचा आघात आणि अंधार, मृत्यू, युद्ध यांसारखे विषय ही त्याची लक्षणे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या लक्षणांची कुंपणे मोडू लागली. अमेरिकेतील ‘फेथ नो मोर’ या वाद्यवृंदाने ‘द रिअल थिंग’ (१९८९) या ध्वनिमुद्रिकेत जड गिटारीबरोबर रॅपची पठणशैली आणि नृत्यसंगीताची लय एकत्र आणली, आणि तिच्यातील ‘एपिक’ या गीताने त्यास मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. ‘ऑल्टरनेटिव्ह मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाला त्यामुळे बळ मिळाले. ब्राझीलच्या ‘सेपल्तुरा’ने ‘रूट्स’ (१९९६) या ध्वनिमुद्रिकेसाठी शावांते या आदिवासी जमातीत जाऊन तिच्या गायनाचे मुद्रण केले. आपल्या भूमीतील संगीत मेटलमध्ये आणता येते, एवढेच नव्हे तर त्यामुळे जगाचे लक्षही वेधले जाते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

मुंबईत रॉक संगीताची परंपरा होती. १९८४ साली स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद (१९९३ पासून ‘इंडस क्रीड’) स्वतःची इंग्रजी गीते रचून गात असे. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे भरू लागले. या वातावरणाच्या उत्तरकालात, २००० साली, साहिल माखिजा यांनी ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ची स्थापना केली. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) या ध्वनिमुद्रिकेने देशातील श्रोत्यांत या वाद्यवृंदाचे नाव झाले. तथापि खरी वाट फुटली ती ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या ध्वनिमुद्रिकेने. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार या वाद्यवृंदास मिळाला आणि नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात त्याचे वादन झाले. या टप्प्यावर मात्र त्याची सामग्री सर्वस्वी पाश्चात्त्य वळणाची होती. मुंबईचा वाद्यवृंद उत्तर युरोपातील मेटलच्या कसोटीस उतरला, असे त्या यशाचे स्वरूप होते. सात वर्षांनी ‘दशावतार’ आली तेव्हा प्रश्न बदलला होता. त्यांच्यासारखे वाजविता येते हे सिद्ध झाल्यावर, आपले म्हणून काय वाजवावयाचे?

३

‘दशावतार’ या ध्वनिमुद्रिकेत दहा गीते असून मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक याप्रमाणे त्यांची योजना आहे. मेटलच्या जड ठेक्यात भारतीय वाद्यांचे ध्वनी आणि भारतीय वळणाच्या स्वरपंक्ती गुंफल्या आहेत. गीतांची भाषा इंग्रजी आहे. शीर्षके मात्र द्विस्तरीय आहेत : आधी संस्कृत नाम, मग त्याचे इंग्रजी स्पष्टीकरण. कूर्माच्या नावापुढे ‘कासव’ आणि वराहाच्या नावापुढे ‘रानडुक्कर’ या अर्थाचे इंग्रजी शब्द येतात. राम ‘राजपुत्र’ होतो, कृष्ण ‘गोपाळ’ होतो.

ही स्पष्टीकरणे किरकोळ वाटली तरी कृतीचा अभिप्रेत श्रोता कोण, हे त्यांवरून निश्चित होते. आरवलीच्या किंवा कुडाळच्या जत्रेत वराह म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. ज्याला सांगावे लागते तो श्रोता दूरचा, किंवा परंपरेपासून दुरावलेला, एवढाच अर्थ त्यातून निघतो. मात्र येथे एक अपवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. कल्कीच्या नावापुढे ‘मलिनतेचा नाश करणारा’ या अर्थाची जोड आहे. ‘कल्क’ म्हणजे मळ, पाप; त्यापासून ‘कल्की’ हे नाम साधण्याची जुनी व्युत्पत्ती या इंग्रजी शीर्षकात टिकून राहिली आहे. मराठी भाषक कल्कीचे नाव घेतात, पण त्यातील ‘कल्क’ त्यांस सहसा ऐकू येत नाही. परभाषेतील स्पष्टीकरण कधी कधी स्वभाषेतील विसरलेला अर्थ जागा करते, तो असा.

‘दशावतार’ हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इंग्रजीने ‘अवतार’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला आणि पुढे त्यास ‘रूप’, ‘प्रतिमा’ असा सपाट अर्थ दिला. मराठीने त्याच शब्दास उलट दिशेने नेले. गबाळ्या वेषाच्या माणसास पाहून ‘काय हा अवतार!’ असे म्हटले जाते. वस्तूचे ‘दशावतार झाले’ म्हणजे तिची दुर्दशा झाली. दिव्य आणि हास्यास्पद यांना एकाच शब्दात नांदविण्याची ही वृत्ती आणि संकासुराला खेळाच्या मध्यभागी नाचविण्याची वृत्ती एकच होत. ध्वनिमुद्रिकेत दिव्य आहे, भयंकर आहे, हास्य नाही. कथावस्तू पुराणातून घेतली गेली, खेळातून नव्हे, याची ही स्पष्ट खूण आहे.

४

असे असले तरी खेळ आणि ध्वनिमुद्रिका यांत एक रचनासाम्य आढळते, आणि ते कंठध्वनीच्या वापरात आहे. या प्रकारच्या मेटलमध्ये गायक दोन आवाज वापरतो. एक स्वच्छ, सुरेल. दुसरा गर्जनेसारखा घोगरा. दुसऱ्या आवाजात स्वरतंतूंच्या वर असलेली पटलेही कंपित केली जातात. त्यामुळे ध्वनी खरखरीत व विशाल होतो, पण सुराची निश्चित उंची नाहीशी होते. स्वरांतील भेद अंधुक होतात आणि शब्द कळेनासे होतात. भाषा जवळजवळ नाद होऊन राहते आणि अर्थासाठी श्रोत्याला छापील गीताकडे वळावे लागते.

खेळात जे काम ग्रांथिक मराठी आणि मालवणी यांच्या विरोधातून साधते, ते येथे सुरेल आणि गर्जनायुक्त आवाजांच्या विरोधातून साधले जाते. दोन्ही ठिकाणी श्रोता पात्राचे स्वरूप शब्दार्थाआधी उच्चारावरून ओळखतो. परंतु भेदही तितकाच मूलभूत आहे. संकासुराची मालवणी प्रेक्षकाला जवळ ओढते. मेटलमधील गर्जना श्रोत्याला थरारवते, पण अर्थापासून लांब ठेवते. एकीचे बळ ओळखीत आहे, दुसरीचे अनोळखीपणात.

५

ध्वनिमुद्रिकेतील नववे गीत बुद्धावर आहे. दहा अवतारांची यादी सर्वत्र सारखी नाही. जयदेवाने आठव्या स्थानी बलरामाला ठेवले, कारण त्याच्या काव्यात कृष्ण हा अवतार नसून स्वतः अवतारी आहे. नवव्या स्थानी मात्र त्याने बुद्धच मानला. महाराष्ट्रात अनेक मंदिरशिल्पांत आणि पंचांगांतील जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा बुद्धास विष्णूचा अवतार मानण्याचे स्पष्टपणे नाकारते. तेव्हा महाराष्ट्राच्या भूमीवर ‘बुद्ध’ हे नाव या यादीत घालणे ही निव्वळ पौराणिक नोंद राहत नाही. ते एका चालू वादातील स्थान होते. ध्वनिमुद्रिकेने सर्वत्र रूढ झालेली यादी स्वीकारली, आणि परदेशी श्रोत्यास त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. परंतु प्रदेशाचा इतिहास बाजूला ठेवून पुराण उचलले म्हणजे कोणत्या जागा मूक होतात, त्याचे हे उदाहरण आहे.

६

आता भाषेचा प्रश्न. मुंबईत मेटल इंग्रजीत गायिले गेले याचे कारण उघड आहे. त्याचा श्रोतृवर्ग महाविद्यालयीन आणि इंग्रजी शिकलेला होता, आणि त्याची मान्यता परदेशी महोत्सवांतून येत होती. पण हे कारण अटळ नव्हते. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या वाद्यवृंदाने ‘रक्षक’ (२०२२) या ध्वनिमुद्रिकेत ढोल, रॅप आणि जड गिटार यांच्या मिश्रणात इंग्रजीबरोबर हिंदी आणि पंजाबी वापरली, आणि त्याला जगभर श्रोते लाभले. मुंबईतही ‘स्वदेशी’सारख्या रॅप गायकांच्या समूहाने मराठीला जागा दिली. भाषा ही अडचण नसून तीच ओळख होऊ शकते, हे या उदाहरणांनी सिद्ध केले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा फार मोठा होता. परळच्या दामोदर नाट्यगृहात त्यांच्यासाठी दशावतार, नमन आणि जाखडीचे प्रयोग लागत. रंगभवनापासून ही जागा काही मैलांच्याच अंतरावर. पण दोन्ही ठिकाणचे श्रोते वेगळे, भाषा वेगळ्या, आणि एकमेकांची वार्ता बहुधा कोणालाच नव्हती. एकाच शहरात दोन दशावतार झाले, आणि त्यांची गाठ पडली नाही. ‘दशावतार’ या ध्वनिमुद्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व तिने मेटलमध्ये पुराण आणले यात आहेच. पण ही न पडलेली गाठ तिने दृष्टीस आणली, यात ते अधिक आहे.

मिश्रण ही नवी गोष्ट नव्हे. कोकणच्या खेळाने ते दोनतीन शतके केले आहे. मात्र त्या खेळाने बाहेरून जे जे घेतले, ते आपल्या बोलीच्या स्वाधीन केले. यक्षगानाचा घाट आला, पायपेटी आली, नाटकी पदे आली. संकासुर मात्र मालवणीच बोलत राहिला. संगीताच्या मिश्रणाची कसोटी वाद्ये किती आणि कोठली आली ही नसून, त्या मिश्रणात बोलतो कोण आणि कोणाच्या बोलीत, ही आहे. या कसोटीवर मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेने अर्धी वाट चालली, असा निर्णय द्यावा लागतो. उरलेली वाट ज्या कोणास चालावयाची असेल, त्याला तिचा आरंभ पुराणग्रंथात नव्हे, तर जत्रेच्या रात्री, मृदंगाच्या तालावर काळ्या वेषात नाचत येणाऱ्या त्या असुरापाशी सापडेल.