शाई फाकली, रेघ टिकली

किराणा मालाच्या वेष्टनावरील काळ्या-पांढऱ्या रेघा, म्हणजेच बारकोड, हा संगणकयुगाचा शोध समजला जात असला तरी त्याची मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेशी संबंधित नॉर्मन जोसेफ वूडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी ऑक्टोबर 1949 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1952 मध्ये ते त्यांना मिळाले. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील टिंबे आणि आडव्या रेघा खाली ओढून लांबवल्या, तर त्यांच्या कमी-अधिक रुंदीतून अंक वाचता येतील, हे वूडलँड यांना मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना सुचले होते. प्रत्यक्ष यंत्रात मात्र पाचशे वॉटचा दिवा होता, त्याच्या उष्णतेने कागद करपू लागे आणि वाचलेल्या खुणेचा हिशेब ठेवणारी स्वस्त विद्युतमंडले तेव्हा उपलब्ध नव्हती. लेसर किरण आणि एकाच सिलिकॉन चकतीवर कोरलेली मंडले हाती येईपर्यंत 1969 उजाडले, आणि त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. सिल्व्हर तर 1963 मध्येच निवर्तले होते.

कल्पना अडली ती केवळ दिव्यापाशी नव्हे, शाईपाशीही. कोणत्याही दिशेने वाचता यावे म्हणून आरसीए कंपनीने एकात एक वर्तुळांची खूण पुढे रेटली आणि 1972 मध्ये सिनसिनाटीतील एका दुकानात ती वापरूनही पाहिली. परंतु छपाईयंत्रात कागद पळतो त्या दिशेने शाई थोडी फाकतेच, आणि वर्तुळाची कड कोठे ना कोठे त्या दिशेला आडवी येत असल्याने तेथील रुंदी बिघडते. आयबीएमचे जॉर्ज लॉरर यांनी रेघा कागदाच्या धावेच्या दिशेनेच ठेवल्या, त्यामुळे फाकलेली शाई रेघेची लांबी वाढवते, रुंदी नव्हे. छपाई सुधारण्याचा हट्ट न धरता तिचा दोष निरुपद्रवी करणारी ही युक्ती लेसरइतकीच मोलाची मानावी लागेल.

3 एप्रिल 1973 रोजी अमेरिकी किराणा उद्योगाने स्वीकारलेल्या या संकेतात प्रत्येक अंकाला सात समान घरे असतात. डाव्या अर्ध्या भागातील अंकांत काळ्या घरांची संख्या विषम आणि उजव्या भागात सम असल्याने वस्तू उलटी धरली, तरी यंत्राला ते उमगते. 26 जून 1974 रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या मार्श दुकानात 67 सेंटचे च्युइंगमचे पाकीट या पद्धतीने प्रथम विकले गेले.

शेवटचा अंक पडताळणीचा असतो, आणि त्याचे गणित मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावरही करून पाहता येते. 978 ने सुरू होणाऱ्या क्रमांकातील पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणून बेरीज करावी. ती दहाच्या पटीत नेणारा अंक म्हणजे तेरावा. एक अंक चुकला, तर ही पडताळणी ती चूक हमखास पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडते, मात्र त्या दोहोंत पाचाचा फरक असेल, तर चूक बिनबोभाट निसटते.