यमुनेचा पूरपट्टा आणि ‘रिकामी’ जमीन

दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसास यमुना बहुधा पुलावरूनच दिसते. खाली काळसर पाणी आणि दोन्ही तीरांना गवत, वाळू व भाजीपाल्याचे मळे. ही जमीन रिकामी आहे, असा समज सहज होतो. प्रशासनाचाही दीर्घकाळ तोच समज होता आणि पूरपट्ट्याच्या दुर्दशेचे मूळ त्यातच आहे.

१९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या बृहत् आराखड्यात नदी व तिच्या काठाचे सुमारे ९,७०० हेक्टर क्षेत्र ‘ओ’ विभाग म्हणून स्वतंत्र दाखविले गेले. पुराचे पाणी पसरावे आणि वाळूतून भूगर्भात मुरावे, हे या क्षेत्राचे खरे कार्य होय. पल्ला भागातील नलिकाकूपांतून दिल्लीस मिळणारे पाणी त्याचीच देणगी आहे.

मात्र नियम सर्वांना सारखा लागू झाला नाही. २००४ साली यमुना पुश्त्यावरील हजारो झोपड्या हटविण्यात आल्या. पुढील काही वर्षांतच त्याच नदीकाठी अक्षरधाम मंदिर (२००५) व राष्ट्रकुल क्रीडाग्राम (२०१०) उभे राहिले, आणि क्रीडास्पर्धांसाठी ‘तात्पुरते’ म्हणून एक मोठे बस आगारही बांधले गेले. गरिबाची झोपडी अतिक्रमण ठरली, तर शासनमान्य बांधकाम विकास ठरले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पूरपट्ट्यातील बांधकामास मनाई केली, तोवर बरीच जमीन हातची गेली होती.

दुसरी अडचण विभागलेल्या अधिकारांची. जमीन प्रामुख्याने प्राधिकरणाची, सांडपाणी जल बोर्डाचे, कचरा महापालिकेचा, ओखला बंधारा उत्तर प्रदेशाचा, आयटीओचा बंधारा २०२३ मध्ये हरियाणाकडे होता. जुलै २०२३ मध्ये नदीची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली व १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. त्या वेळी आयटीओच्या बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने अडकून उघडेनात, आणि जबाबदारी कोणाची याचा वाद राजघाटापर्यंत पाणी आले तरी चालूच राहिला.

याच प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या साहाय्याने वजीराबादजवळ ४५७ एकरांवर यमुना जैवविविधता उद्यान उभारले, हेही नमूद केले पाहिजे. तेव्हा क्षमतेचा अभाव होता, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे गावाच्या दप्तरी गायरानाची नोंद असते, म्हणून त्यावर अतिक्रमण झाल्यास निदान दाद मागता येते. पूरपट्ट्याची नोंदही ‘पाण्याची जागा’ अशी व्हावी, त्याची सीमा जमिनीवर खुंट रोवून आखावी आणि तिच्या रक्षणास एकच अधिकारी उत्तरदायी असावा. ‘तात्पुरत्या’ परवानगीवर मुदत संपल्याचा दिनांक आणि बांधकाम काढणाऱ्याचे पदनाम लिहिलेले नसेल, तर ती देऊच नये.